बावन्न दरवाज्यांचं कोडं

२ ऑगस्ट १९७१, सोमवार

आज केशवराव स्वतः घरी आले. 'गोदातीर' साप्ताहिकाचा संपादक उस्मानपुऱ्यापर्यंत सायकल मारत आला म्हणजे त्याला काहीतरी हवं असणार, हे मी दार उघडतानाच ओळखलं. हवं होतं ते असं : दिवाळी अंकासाठी एक मोठं शब्दकोडं, आणि त्यातला प्रत्येक शब्द दाराशी नातं सांगणारा. आपलं औरंगाबाद बावन्न दरवाज्यांचं शहर, तर कोडंही दरवाज्यांचंच असावं, अशी त्यांची कल्पना. ती मला आधी सुचली नाही याचं वाईट वाटलं, म्हणून मी थोडे आढेवेढे घेतले आणि मग हो म्हटलं.

कोर्टातून रिटायर झाल्यापासून दर आठवड्याचं कोडं मीच करतो. नोकरीत जन्म गेला तो उर्दू कागदांचं मराठी करण्यात. माझी सगळी शाळा निजामाच्या अमलात उर्दूतून झाली. मराठी घरी बोललो, पण लिहायला शिकलो ते पोलीस ॲक्शननंतर, पोटासाठी. अशा माणसानं मराठी कोडी घालावीत याची केशवरावांना गंमत वाटते. भानू म्हणते, यात गंमत कसली, शाळेनं जे दिलं नाही त्याचीच माणसाला हौस असते.

भानू म्हणजे भानुमती, माझी बायको. कोड्याचा अर्धा कारखाना ती चालवते, हे इथं लिहायला हरकत नाही. मी घरं आखतो, शब्द बसवतो, सूचना लिहितो आणि कोरं कोडं तिच्यापुढं ठेवतो. ती पेन्सिलीनं सोडवते. जिथं ती अडेल तिथं चूक माझी, असा आमचा कायदा आहे. छापखान्यातून प्रूफ आलं की तेही तीच तपासते, मी त्याला हात लावत नाही. आपल्या पोराचं नाक वाकडं आपल्याला दिसत नसतं.

७ ऑगस्ट

दारांनी डोकं भंडावून सोडलंय. दार, कवाड, फाटक, वेस, देवडी, चौकट, उंबरा, अडसर, कडी, कोयंडा, खीळ, बिजागरी, तोरण. मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर बसतं, जोडाक्षर असलं तरी एकच. त्यामुळं 'द्वार' दोन घरांत उरकतं आणि 'दरवाजा' चार घरं अडवून बसतो, सासरच्या पाहुण्यासारखा.

आज जमलेल्या सूचना लिहून ठेवतो.

दारावर असते, आणि दुसऱ्यावर केलीही जाते : कडी.
दाराला असते, पत्त्यांतही असते : चौकट.
दाराला घालतात, कामाला बसते : खीळ.
आतून घातला तर राखण, वाटेत आला तर अडचण : अडसर.
सरकारी कचेरीचा हा कितीही झिजवा, काम होईलच असं नाही : उंबरा.

शेवटची भानूची. म्हणजे सुचली तिला, घडवली मी. तिच्या भावानं कुळाच्या जमिनीपायी तहसिलीचे उंबरे झिजवले होते, त्याची तिला आठवण झाली. सूचनेचा माझा एक नियम आहे. ती खोटी नसावी आणि पुरती खरीही नसावी. सोडवणाऱ्याला मागाहून कळावं की, अरे, सांगितलं तर होतंच, आपणच ऐकलं नाही.

१४ ऑगस्ट

भानूनं आज नवीनच टूम काढली. मी या आठवड्याचं कोडं पुढं ठेवलं तर म्हणाली, "तुम्हीच वाचा. मी भाजी निवडता निवडता सांगते." मी वाचत गेलो, ती सांगत गेली. कितवं घर, त्यात कुणाचं कोणतं अक्षर आडवं आलेलं, सगळं तिच्या डोक्यात. एकदाही कागद मागितला नाही.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. छत्तीस वर्षांच्या संसारात ती माझ्या आवाजाची अशी भुकेली कधी नव्हती. भाजीत मात्र अळी निघाली. मी बोललो नाही.

२३ ऑगस्ट

जावई बद्रीनाथ पैठणहून आला होता. धरणाच्या ऑफिसात काहीतरी काम होतं म्हणे. मीनाक्षी बरी आहे, आंबट खाते, झोप फार येते. डिसेंबरअखेर होईल असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणतात. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा ती भाऊबीजेला इथं येणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. पण बद्रीनाथ घुटमळला. शेवटी म्हणाला की आई अजून नक्की बोलत नाही.

आई म्हणजे आमच्या विहीणबाई, द्वारकाबाई. बाई कडक आहेत, पण त्यांची भीती खोटी नाही. त्यांची थोरली सून पहिल्या खेपेला माहेरी गेली आणि मूल तिथंच दगावलं. तेव्हापासून त्यांनी धसका घेतलाय. दिवाळीच्या आधी त्या स्वतः येऊन घर, माणसं, सगळं बघणार आणि मग ठरवणार.

जावई गेल्यावर भानू कितीतरी वेळ स्वयंपाकघरात नुसती बसून होती. मी म्हटलं, अगं, बघू देत की. आपल्याकडं काय वाईट आहे? तू एवढी धडधाकट आहेस. तर ती म्हणाली, "मीनू माझ्याजवळ यायला हवी. बाकी मला काही नको." मग उठली आणि जाता जाता माझ्या स्टुलाला धडकली, वर माझ्यावरच चिडली, की स्टूल जागचं का हलवलं. मी हलवलं नव्हतं. पण अशा वेळी कोर्टातला माणूससुद्धा पुरावा देत नाही.

५ सप्टेंबर

समोरच्या वच्छलाबाई सांगत होत्या की तुमच्या मंडळी हल्ली रस्त्यात ओळख देत नाहीत, मुलगी मोठ्या घरी दिल्यापासून हवेत आहेत. मी भानूला विचारलं. ती म्हणाली, असेन हवेत. हे उत्तर तिचं नाही. ती अशा बायकांना पुरून उरणारी.

शेजारच्या सारजाबाई आता रोज दुपारी येतात आणि आमचे तांदूळ निवडून जातात. मी म्हटलं, आपले तांदूळ आपल्याला निवडता येत नाहीत का? भानू म्हणाली की त्यांना एकट्यांना करमत नाही. सारजाबाईंचा स्वभाव बघता हे पटत नाही, त्यांना करमायला भांडणसुद्धा पुरतं.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. दारांचं कोडं भानूच्याही अंगात भिनलंय. दुसऱ्या खोलीत जाताना ती चौकटीला हात लावते, क्षणभर थांबते आणि मग पाऊल टाकते. देवळात जावं तशी. मी दोनदा बघितलं. मी नुसता दारांवर लिहितो, ती दारांना मान देते, असं मी तिला म्हटलंही. ती हसली नाही.

१२ सप्टेंबर

दोन दिवस तिचं डोकं दुखतंय. सुंठ उगाळून लावली, फडकं बांधलं. उलटीही झाली. मी म्हटलं, घाटीत दाखवू. सरकारी दवाखाना आहे, मोठे डॉक्टर आहेत. तर म्हणाली, पित्त आहे, दवाखान्याचं नाव काढू नका. संध्याकाळी दिव्याकडं बघत म्हणाली की दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, चंद्राला खळं पडावं तसं. वा, म्हटलं, आणि कागदावर टिपून घेतलं. दाराशी जुळवता आलं असतं तर सूचना झाली असती.

१८ सप्टेंबर

कोडं झालं! भडकल, मकई, रोशन, रंगीन, खडकीचे म्हणजे जुन्या औरंगाबादचे सगळे दरवाजे आडव्यात घातलेत, आणि घरगुती दारं उभ्यात. मध्यभागी बिजागरी. तिची सूचना लिहिताना मला फार मजा आली : दोन्ही पाखं धरून ठेवते, आणि वर कुरकुरतेही. वाचून दाखवल्यावर भानू म्हणाली, "माझ्यावर लिहिलंय का हे?" मी म्हटलं, ओळखणाऱ्यानं ओळखावं. म्हणाली, "कुरकुरते तोवर बरं. न कुरकुरता सुटली की दार अंगावर येतं."

हे वाक्य सूचनेपेक्षा चांगलं होतं. मला थोडा रागच आला.

तिनं पूर्ण कोडं तोंडी सोडवलं. एकाही ठिकाणी अडली नाही.

२४ सप्टेंबर

प्रूफ आलं. छापखान्याचा माणूस संध्याकाळपर्यंत परत मागत होता. मी ते नेहमीसारखं भानूच्या हातात दिलं आणि बाहेर फिरायला गेलो, कारण ती तपासत असताना मी घरात असलो की खोकलो तरी तिला चालत नाही. तासाभरानं आलो तर कागद मांडीवर घेऊन खिडकीत बसलेली. "झालं?" विचारलं. "ठीक आहे," म्हणाली. एकही खूण नव्हती. तीन वर्षांत असं निर्दोष प्रूफ आलं नव्हतं. छापखाना सुधारला म्हणायचा.

३ ऑक्टोबर

दिवाळी अंक काल बाहेर पडला. काय लिहू?

'आडवे शब्द' हे शीर्षक उभ्या सूचनांवर छापलंय आणि 'उभे शब्द' आडव्यांवर. बस, एवढंच. बाकी अक्षर अन् अक्षर बरोबर. पण एवढ्यानं सगळं कोडं मेलं. चार घरांच्या जागी दोन अक्षरांचं उत्तर, तीनच्या जागी पाच. सकाळी शहागंजात पेपरवाल्याच्या टपरीशी गेलो तर दोघं-तिघं अंक उघडून उभेच होते. एक मास्तर मला म्हणाले, "साहेब, दरवाजे तर लई छान मांडलेत, आत कुठून शिरायचं तेवढं सांगा." सगळे हसले. मीही हसलो.

दुपारी केशवराव आले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "श्रीनिवासराव, दोन्ही शीर्षकं तीन-तीन बोटांएवढी मोठी आहेत हो."

हे मला सारखं बोचतंय. शाळेतल्या पोरालाही ही चूक दिसली असती. भानूनं कागद वाचलाच नसणार. मांडीवर घेऊन नुसती बसली असणार. माझ्या कामाची तिला आता एवढीही किंमत नाही. मी घरी आलो तेव्हा ती डिंकाचे लाडू वळत होती, मीनूसाठी. मी जेवलो नाही आणि बोललोही नाही.

४ ऑक्टोबर

मी आज जे केलं ते लिहिणार आहे, कारण लिहिलं नाही तर मी ते थोडं थोडं बदलून लक्षात ठेवीन.

सकाळी मी अंक घेऊन तिच्यासमोर बसलो. पान उघडलं. कोर्टात साक्षीदाराला विचारतात त्या आवाजात म्हटलं की चूक कुठं आहे ते मी सांगणार नाही, तू दाखव. बोट ठेव. ती म्हणाली, चुकलं माझं, जाऊ द्या. मी म्हटलं, जाऊ देणार नाही. तीन वर्षं तुझ्या भरवशावर राहिलो. दाखव.

तिनं हात पुढं केला. कागदाच्या वर तो थोडा वेळ तसाच थांबला. मग तिनं बोट टेकवलं.

समोरच्या पानावर केसांच्या तेलाची जाहिरात आहे. बोट त्या जाहिरातीतल्या बाईच्या वेणीवर होतं.

मला आधी वाटलं, ती माझी थट्टा करतेय. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती, पण जरा बाजूला, माझ्या कानाच्या पलीकडं. मी मान हलवली. तिची नजर हलली नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिनं बोट उचललं आणि पदराला पुसलं, त्याला शाई लागल्यासारखं.

६ ऑक्टोबर

घाटीत जाऊन आलो. ती येत नव्हती. मी म्हटलं, पायी नेईन, उचलून नेईन, पण नेईन. उजवा डोळा गेलेला आहे. डाव्यानं नळीतून बघावं तेवढंच मधलं दिसतं, तेही धूसर. काचबिंदू. मोतीबिंदूसारखा तो काढून टाकता येत नाही. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली ऑपरेशन करून राखता येईल, पण उशीर करू नका, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. दिवे लावल्यावर भोवती कडं दिसत होतं का, डोकं दुखून उलटी होत होती का, असं ते तिला विचारत होते आणि ती हो हो म्हणत होती. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्या या वहीत आधीच लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. डॉक्टर मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर हलकं वाटलं असतं.

ऑपरेशनची तारीख भाऊबीजेनंतरच्या आठवड्यातली मिळाली. नंतर महिनाभर तरी चुलीपाशी जायचं नाही, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही.

घरी आलो तर सारजाबाई ओट्यावर बसलेल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "तिनं शपथ घातली व्हती, भाऊ. म्हनली, लेकीच्या सासरी कळलं तर लेक येनार नाय. मंग म्या तरी काय करावं?"

मीनूसाठी. तेवढ्यासाठी तिनं डोळा घालवला. मला वाटत होतं की ती माझ्या आवाजाची भुकेली झालीय.

८ ऑक्टोबर

रात्रंदिवस एकच विषय. द्वारकाबाई मंगळवारी येणार. भानूचं म्हणणं साधं आहे : त्या येतील, घर बघतील, जेवतील, जातील. तेवढा एक दिवस निभावून न्यायचा. "एकदा मीनू उंबऱ्याच्या आत आली की मग कळू दे सगळ्या पैठणला. आलेल्या लेकीला कुणी परत नेत नाही."

मी म्हटलं, आणि ऑपरेशननंतर महिनाभर तुझ्या डोळ्याला पट्टी, तेव्हा मीनूचं कोण करणार? म्हणाली, सारजाबाई आहेत, तुम्ही आहात. मी आहे! ज्याला चहा करताना दूध आधी की साखर आधी हे विचारावं लागतं.

जन्मभर मी दुसऱ्याच्या कागदातला शब्द इकडचा तिकडं केला नाही. पण आता स्वतःशीच वाद घालतोय, की गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. सूचना खोटी नसावी, पुरती खरीही नसावी. हा नियम मी कोड्यांसाठी केला होता. तो घरात चालतो का, हे मला कळत नाही. मला एवढंच कळतं की ती माझ्याकडं दुसरं काही कधी मागत नाही. मी हो म्हटलं.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

आजचा दिवस.

सारजाबाईंनी पहाटेच भांडी ठरल्या क्रमानं मांडून दिली होती : डावीकडून वरण, भाजी, पुरण, तूप. भानू चार दिवस याचा सराव करत होती. डोळे मिटून करायची आणि उघडून करायची, काही फरक नाही म्हणायची. द्वारकाबाई नऊच्या एस.टी.नं आल्या, हातात पिशवी, नऊवारी चापूनचोपून नेसलेली. मी रस्त्यावरूनच मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. "या या विहीणबाई, दारात उजवीकडं पायरी आहे, जपून." मग आत, "भानू, विहीणबाई पाटावर बसल्यात बरं का, खिडकीपाशी." नाटकात पडद्यामागून शब्द पुरवणारा असतो, तसा मी दिवसभर होतो. द्वारकाबाई एकदा माझ्याकडं बघून म्हणाल्या की भाऊ पूर्वी एवढे बोलके नव्हते.

त्यांनी सगळं बघितलं. बाळंतिणीची खोली, शेगडी, न्हाणीचा दगड, पाण्याचा हंडा. अळीव आणले का, डिंक कुठला, रात्री-बेरात्री गरज पडली तर घाटीपर्यंत टांगा मिळतो का. भानूची सगळी उत्तरं तयार होती. मीच घामाघूम झालो होतो.

जेवायला बसलो. भानू वाढत होती. डावा अंगठा ताटाच्या कडेला टेकवायची आणि उजव्या हातानं नेमकं वाढायची. पुरणपोळीवर तुपाची धार मधोमध पडली. द्वारकाबाई जेवता जेवता हळूहळू सैल झाल्या. थोरल्या सुनेचं सांगितलं, तिच्या मुलाचं सांगितलं, जे त्यांनी आमच्याजवळ कधीच काढलं नव्हतं. मग म्हणाल्या, "तुमचा हात लई चांगला आहे, भानुमतीबाई. घर पण बघितलं. माझं मन भरलं. भाऊबीजेला मीनाक्षीला घेऊन येते."

झालं. जे हवं होतं ते मिळालं. मी पाण्याचा गडू तोंडाला लावला, हसू लपवायला.

भानू तुपाची तामली हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग ती खाली बसली, जमिनीवरच, आणि म्हणाली,

"विहीणबाई, मला दिसत नाही. एक डोळा गेलाय, दुसऱ्यानं थोडं दिसतं. मीनूला पाठवू नका. बाळाच्या अंगावर ओतताना पाणी कढत असलं, वाफा निघत असल्या, तरी त्या मला दिसायच्या नाहीत."

मी ताटाकडं बघत बसलो. द्वारकाबाईंनी भरल्या ताटावरून उठायचं नाही म्हणून राहिलेली पोळी संपवली. सावकाश. एकेक घास. मला तो वेळ आयुष्यभर पुरेल. मग त्या उठल्या, हात धुतला, पदर खोचला, भानूच्या हातातली तामली काढून घेतली आणि तिला दंडाला धरून स्वतःच्या पाटावर बसवलं. दुसरं ताट घेतलं आणि वाढायला लागल्या.

आमच्यात रीत अशी की मुलीकडच्यांनी वाढायचं आणि मुलाकडच्यांनी नावं ठेवायची. विहिणीनं मुलीच्या माहेरी पळी हातात घेतलेली मी तरी बघितलेली नाही. भानू पाटावरून उठायला बघत होती. द्वारकाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा. थोरलीला मी धाडून दिली अन् पैठणात बसून राहिले. काय झाकलं, काय नाय, मला कुणी सांगितलं नाय. तुम्ही सांगितलं." मग त्यांनी पोळीवर तूप घातलं. "मीनाक्षी इथंच येईल. तिच्यासंगं मी पण येते. न्हाऊमाखू मी घालीन. तुम्ही डोळ्याचं करून घ्या, आणि बाळ मांडीवर घ्या."

भानू म्हणाली, लोक तुम्हाला नावं ठेवतील.

"ठेवतील. म्हणतील, द्वारकाबाई विहिणीच्या घरी चूल फुंकते. जेवा आता, पोळी निवते."

भानू जेवत होती आणि रडत होती. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. दोनदा.

१६ ऑक्टोबर

केशवरावांनी शीर्षकं सुधारून कोडं पुन्हा छापलंय. मास्तर रस्त्यात भेटले, म्हणाले, सुटलं, पण बिजागरीनं दमवलं. मी त्यांना बरं म्हटलं. आठवडाभर मी एकही सूचना लिहिलेली नाही. लिहावीशीही वाटली नाही.

मी चहा करायला शिकतोय. दूध नंतर.

भानूला मी काल विचारलं की जिंकल्यावर का सांगितलंस, आधी किंवा कधीच नाही असं का नाही? ती म्हणाली, "त्या हो म्हणेपर्यंत मला मीनूच दिसत होती. हो म्हणाल्या आणि बाळ दिसलं." एवढंच बोलून ती झोपली. मला कितीतरी वेळ झोप आली नाही.

मीनूला द्वारकाबाईंनी काही सांगितलेलं नाही. आईनंच सांगावं म्हणाल्या.

२० ऑक्टोबर, भाऊबीज

अकराच्या सुमारास टांगा आला. बद्रीनाथनं सामान उतरवलं, एक ट्रंक मीनूची आणि एक द्वारकाबाईंची. मीनू बरीच भरलीय. टांग्यातून उतरताना एक हात पाठीवर, एक बद्रीनाथच्या खांद्यावर.

भानू सकाळपासून दाराशी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मी दोनदा म्हटलं, बस जरा, अजून वेळ आहे. बसली नाही. मीनू उंबऱ्याबाहेर उभी राहिली. भानूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. तिथवर अंदाजानं जमलं. मग आत घेण्याआधी लेकीच्या डोळ्यांना पाणी लावायचं असतं. भानूनं तांब्यात बोटं बुडवली, हात पुढं केला, आणि तो मीनूच्या खांद्याजवळ हवेतच राहिला. मी तोंड उघडलं, जरा डावीकडं असं सांगायला. मागून द्वारकाबाईंनी मान हलवून मला थांबवलं.

बद्रीनाथ, टांगेवाला, ओट्यावरच्या सारजाबाई, समोरच्या दारात वच्छलाबाई, सगळे बघत होते. भानूच्या बोटांवरून पाणी ओघळून उंबऱ्यावर पडत होतं.

"मीनू," ती म्हणाली, "कुठं आहेस गं?"

मीनूला कळायला थोडा वेळ लागला. आधी ती हसली, मग थांबली. मग तिनं आईचा ओला हात दोन्ही हातांत धरला आणि आपल्या डोळ्यांवर ठेवला.

'कुठं आहेस' असं एवढे महिने भानूनं कुणालाच विचारलं नव्हतं.